मुलांनी वही पुढे केली, आता बाईंनी काय करावं?

प्रश्न : मी जिल्हा परिषदेच्या शाळेत सहावी-सातवीला इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवते. शाळा पहिली ते आठवी, पट १२६, त्यात मुली ६०. जूनमध्ये आम्ही शालेय मंत्रिमंडळ निवडलं. ‘आपल्या परिसरात नियम कुठे पाळले जात नाहीत ते बघा’ असा स्वाध्याय मी सातवीला दिला होता. रस्त्यावरचा कचरा, सांडपाणी असं काही येईल अशी माझी अपेक्षा होती. मुलांनी वहीत तीन गोष्टी लिहून आणल्या. पहिली, मुलींच्या स्वच्छतागृहात दुपारनंतर पाणी नसतं, म्हणून मुली दिवसभर पाणीच पीत नाहीत. दुसरी, फाटकापासून टपरी ६२ मीटरवर आहे, तिथे तंबाखू आणि गुटखा मिळतो. अंतर त्यांनी क्रीडासाहित्यातल्या टेपने रस्त्याने मोजलं. तिसरी, वर्ग झाडायची पाळी फक्त मुलींना लागते आणि बाई गाडीवर हेल्मेट घालत नाहीत. तिसरं वाचताना मला लाज वाटली आणि खरं सांगायचं तर आनंदही झाला. मुख्याध्यापक म्हणाले, ‘पोरांना राजकारण शिकवू नका, उद्या आपल्यावर शेकेल.’ मुलं आता रोज विचारतात, ‘बाई, पुढे काय करायचं?’ मी त्यांना काय सांगू?
– एक शिक्षिका, मराठवाडा

उत्तर : बाई, तुमच्या मुलांनी तीन मुद्दे लिहिले, पण शेवटच्यापासून सुरुवात करा. पाण्यासाठी ग्रामपंचायत लागेल, टपरीसाठी पोलीस लागतील. हेल्मेट आणि झाडू यांच्यासाठी तुमच्याखेरीज कुणीच लागत नाही. पहिल्या दोन गोष्टींना वेळ लागणार आहे, आणि तेवढा वेळ मुलांनी धीर धरावा असं वाटत असेल, तर तुमच्या हातातली गोष्ट या आठवड्यात बदललेली त्यांना दिसायला हवी.

हेल्मेटबद्दल वर्गात भाषण करू नका. ‘तुम्ही बरोबर लिहिलं आहे, मी उद्यापासून घालीन’ एवढं एक वाक्य पुरे, आणि दुसऱ्या दिवशी हेल्मेट डोक्यावर दिसू द्या. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ प्रमाणे ते सक्तीचं आहेच, आणि मागे बसणाऱ्यालाही आहे. शाळेतलं मूल कधी तुमच्या गाडीवर बसत असेल तर त्याच्यासाठी दुसरं हेल्मेट लागेल, नाहीतर त्याला बसवू नका. घरून शाळा जवळ आहे, ऊन फार होतं, ही कारणं मोठ्यांना पटतात. मुलांना पटत नाहीत, कारण ती नियम जसा लिहिला आहे तसा वाचतात. आपण नागरिकशास्त्रात समानता शिकवतो तेव्हा मुलांच्या डोळ्यांसमोर झाडूची पाळी असते. एवढं सरळ वाचन आपण मोठं होता होता विसरतो. तुमच्या मुलांकडून शिकण्यासारखी सगळ्यात मोठी गोष्ट तीच आहे. त्यांनी सरपंचांना जी कसोटी लावली तीच तुम्हाला लावली. तुमच्यावर विश्वास नसता तर हा मुद्दा वहीत आलाच नसता; मधल्या सुट्टीत कुजबुजीत राहिला असता.

झाडूच्या पाळीत एक फसगत नेहमी होते. मुलगे आणि मुली मिळून पाच-पाच जणांचे गट केले की पाळी कागदावर समान होते, पण प्रत्यक्षात मुलगे दोन बाकं सरकवून बाहेर पडतात आणि केर मुलीच काढतात. म्हणून पाळी माणसांची लावताना कामंही वाटा: केर काढणं, बाकं हलवणं, फळा पुसणं, सुपलीने केर भरून खड्ड्यात टाकणं. रोज काम बदलायचं. सोमवारी ज्याने फळा पुसला त्याने मंगळवारी झाडू धरायचा. नावं हजेरीपटातल्या क्रमाने घ्या, म्हणजे निवडीचा प्रश्न उरत नाही. तक्त्यात तुमचंही नाव घाला.

आणि हे ठामपणे सांगतो: स्वच्छतागृह धुण्याचं काम कुठल्याही मुलाकडे जाऊ देऊ नका, पाळीनेही नाही, शिक्षा म्हणून तर मुळीच नाही. गावागावांत हे काम शेवटी कोणत्या घरच्या मुलांच्या वाट्याला येतं ते आपल्याला माहीत आहे. त्यासाठी माणूस नेमणं आणि त्याला पैसे देणं ही शाळेची आणि ग्रामपंचायतीची जबाबदारी आहे.

आता पाणी. मुलांचं निरीक्षण खरं आहे, पण ‘पाणी नसतं’ एवढ्यावर कुणी हलत नाही. ‘कधीतरी नसेल’ असं उत्तर येतं आणि अर्ज तिथेच संपतो. म्हणून पुढचे १२ शाळेचे दिवस नोंद ठेवायला सांगा. एका वहीत तारीख, आणि दिवसातून तीन वेळा म्हणजे शाळा भरताना, जेवणाच्या सुट्टीत आणि सुटण्याआधी: नळाला पाणी आहे की नाही, टाकीत किती आहे, साबण आहे का, कडी लागते का. नोंद मुलींच्या दोघी-दोघींच्या जोडीने करावी. टाकीवर चढायला कुणालाही पाठवू नका. पातळी बाहेरून कळत नसेल तर ते एक काम शिपाई किंवा पालक करतील.

नोंदीबरोबर हिशेबही करू द्या, गणिताच्या तासाला तो छान बसतो. ६० मुली दिवसातून दोनदा गेल्या तर १२० वेळा. दर वेळी ओतायला अंदाजे २ लिटर आणि हात धुवायला अर्धा लिटर धरला तर ३०० लिटर. सफाईचे ५० लिटर धरले तरी ३५०. तुमच्याकडे फक्त मुलींसाठी ५०० लिटरची टाकी असेल आणि ती सकाळी भरत असेल, तर दुपारी ती रिकामी व्हायला नको. तरी रिकामी होत असेल तर कुठेतरी गळती आहे किंवा ती पूर्ण भरतच नाही. म्हणून मुलांना नळापासून उलटं मागे जायला सांगा. टाकीत पाणी आहे आणि नळाला नाही, तर कॉक, तुंबलेला पाइप किंवा पाइपात अडकलेली हवा. टाकीच रिकामी, तर मोटार, वीजबिल किंवा गावाच्या पाणीपुरवठ्याची वेळ. यातलं नेमकं कारण सापडलं की मागणी लहान होते, आणि लहान मागणी लवकर मंजूर होते. बऱ्याच शाळांत ‘नवीन स्वच्छतागृह बांधून द्या’ असा अर्ज वर्षानुवर्षं पडून असतो आणि खरी गरज एका कॉकची असते.

जागाही मोजा. स्वच्छ भारत, स्वच्छ विद्यालय मोहिमेच्या मार्गदर्शनाप्रमाणे साधारण ४० विद्यार्थ्यांमागे एक शौचालय आणि तीन मुताऱ्या असा एक संच अपेक्षित आहे. ६० मुलींना एकच संच असेल तर तोही मुद्दा अर्जात येऊ शकतो, पण दुरुस्तीच्या मागणीत त्याची सरमिसळ करू नका. दोन मागण्या, दोन अर्ज.

पैसा कुठून येईल हे मुलांना समजलं पाहिजे, कारण मोठी माणसं बहुतेक वेळा तिथेच गप्प बसतात. समग्र शिक्षा योजनेत शाळेला पटाप्रमाणे संयुक्त अनुदान असतं. १०० ते २५० पटाच्या शाळेला वर्षाला ५०,००० रुपये, आणि त्यातला किमान १० टक्के भाग स्वच्छतेवर खर्च करायचा असतो. म्हणजे तुमच्या शाळेत किमान ५,००० रुपये. हे अनुदान कधी उशिरा येतं, कधी हप्त्याने येतं, पण कॉक आणि पाइपाची दुरुस्ती त्यात बसते. हा निर्णय शाळा व्यवस्थापन समितीचा. शिक्षण हक्क कायदा २००९ प्रमाणे या समितीत तीन चतुर्थांश पालक असतात आणि निम्म्या सदस्य महिला असतात. मुलींच्या पाण्याचा प्रश्न त्या आयांपुढे ठेवला की वेगळं समजावावं लागत नाही. समितीच्या पुढच्याच बैठकीच्या विषयपत्रिकेवर तो लेखी घ्यायला सांगा. ऐन वेळच्या विषयात घुसवला तर चर्चा होते, ठराव होत नाही.

काम त्याहून मोठं निघालं तर ग्रामपंचायत. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नाचा १० टक्के भाग महिला आणि बालकल्याणासाठी खर्च करायचा असतो, आणि गावाच्या वार्षिक विकास आराखड्यात शाळेचं पाणी बसू शकतं. ‘बालस्नेही गाव’ हा तर केंद्राच्या पंचायतराज मंत्रालयाने ठरवलेल्या नऊ विषयांपैकी एक आहे. मुलं ग्रामसभेची सदस्य नसतात, कारण सदस्य म्हणजे गावच्या मतदार यादीतली माणसं. म्हणून आधी शाळेत बालसभा घ्या, मुलांचा ठराव त्यांच्याच शब्दांत लिहा, आणि समितीच्या अध्यक्षांनी तो ग्रामसभेत वाचावा. ग्रामसभा साधारण २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवसांच्या आसपास होतात. त्यांच्या आधी महिला सभा असते. आमच्या मते हा विषय आधी महिला सभेत जावा.

अर्जाची भाषा मुलांचीच असू द्या, पण एक शिस्त शिकवा. ‘मुलींची फार गैरसोय होते, तरी कृपया लक्ष द्यावे’ यात धरण्यासारखं काहीच नाही. त्याऐवजी असं लिहिता येईल: ‘गेल्या १२ शालेय दिवसांपैकी ९ दिवस जेवणाच्या सुट्टीनंतर मुलींच्या स्वच्छतागृहातल्या नळाला पाणी नव्हते. त्या ९ दिवसांत टाकी अर्धी भरलेली होती. टाकीखालचा कॉक अडकतो. तो बदलून मिळावा. आम्ही १५ दिवसांनी पुन्हा नोंद करून कळवू.’ किती, कुठे, काय हवं आणि पुन्हा कधी बघणार, हे सगळं पाच ओळींत येतं. अर्जाच्या दोन प्रती करा. एक द्यायची, दुसरीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्यायचा. तोंडी सांगून आलेल्या अर्जाचं पुढे काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे; मुलांना ते पहिल्याच अर्जात कळलं तर त्यांची पुढची पन्नास वर्षं सोपी जातील.

टपरीचा विषय मात्र पूर्णपणे वेगळा हाताळा. इथे मुलांचं काम संपलं आहे. पुढचं सगळं मोठ्यांनी करायचं.

मुलांचं मोजमाप योग्य आहे, उलट अंतर थोडं जास्तच धरलं गेलं असेल. सिगारेट व इतर तंबाखूजन्य उत्पादनांच्या २००३ च्या कायद्याप्रमाणे, ज्याला सगळे ‘कोटपा’ म्हणतात, शैक्षणिक संस्थेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखूजन्य पदार्थ विकता येत नाहीत. १०० यार्ड म्हणजे सुमारे ९१ मीटर. हे अंतर शाळेच्या कुंपणाच्या बाहेरच्या कडेपासून सरळ रेषेत धरतात, रस्त्याच्या वळणाने धरत नाहीत. रस्त्याने ६२ मीटर भरलं म्हणजे सरळ रेषेत ते त्याहून जास्त असूच शकत नाही. १८ वर्षांखालच्या मुलाला विकणं तर कुठेही गुन्हा आहे. बाल न्याय कायदा २०१५ च्या कलम ७७ मध्ये मुलाला तंबाखू देण्यासाठी ७ वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि १ लाख रुपयांपर्यंत दंड आहे. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे.

कायदा एवढा स्पष्ट आहे म्हणून उत्साहाच्या भरात एखादं मूल पुरावा आणायला टपरीवर पाठवलं जातं, किंवा मुलं मोबाइलवर फोटो काढतात. हे अजिबात होऊ देऊ नका. गावात कुणी तक्रार केली हे संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळतं. मुलांची नावं, सह्या किंवा त्यांच्या वहीचं पान या तक्रारीला जोडू नका. टपरीवाल्याचं मूल कदाचित तुमच्याच शाळेत असेल. वर्गात त्याच्याकडे बोट दाखवलं गेलं तर तुम्ही मिळवलेलं सगळं त्या एका तासात जाईल. मुलांना आधीच सांगा की आपण विक्रीबद्दल बोलतो आहोत, कुणाच्या वडिलांबद्दल बोलत नाही.

क्रम असा ठेवा. शाळेच्या फाटकावर १०० यार्डांच्या विक्रीबंदीचा फलक लावायचा असतो, तो आहे का बघा. नसेल तर आधी तो लावा, कारण फलकच नसेल तर शाळेची बाजू लंगडी पडते. कुंपणापासून १०० यार्डांवर रस्त्यावर पिवळी रेघ मारायचीही पद्धत आहे. मग समितीचे अध्यक्ष आणि एक-दोन पालक टपरीवर जाऊन शांतपणे सांगतील: माल हलवा, बिस्किटं, वह्या, पेन ठेवा. बऱ्याच ठिकाणी एवढ्यावर काम होतं. नाही झालं तर शाळेच्या लेटरहेडवर, समितीच्या ठरावासह, मुख्याध्यापकांच्या सहीने पोलीस ठाण्यात अर्ज, आणि गुटख्यासाठी अन्न व औषध प्रशासनाकडे. शाळेतलाच कुणी शिक्षक किंवा कर्मचारी तंबाखू खात असेल तर हे सगळं पोकळ ठरतं, आणि मुलांना ते आधीपासून माहीत असतं. मुलाला ‘जा रे, पुडी घेऊन ये’ असं कुणी सांगत असेल तर ते आजच थांबलं पाहिजे.

मुख्याध्यापकांची भीती खोटी आहे असं समजू नका. बदली, चौकशी, गावातला गट-तट, हे सगळं त्यांना दिसतं. त्यांना वगळून काही केलंत तर त्यांची भीती खरी होईल. म्हणून वही घेऊन त्यांच्याकडे जा आणि पहिली सही त्यांची घ्या. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २९ मध्ये संविधानातल्या मूल्यांशी सुसंगत शिक्षण आणि मुलाला भयमुक्त करून मोकळेपणाने मत मांडायला मदत करणं, हे दोन्ही लिहिलेलं आहे. भारताने १९९२ साली संयुक्त राष्ट्रांचा बालहक्क करार मान्य केला, त्याच्या १२ व्या कलमातही मुलाचं म्हणणं ऐकून घेण्याचा हक्क आहे. हे त्यांना वाद घालण्यासाठी ऐकवू नका, त्यांना वर उत्तर द्यावं लागलं तर हाताशी असावं म्हणून द्या. आणि त्यांच्यासमोर हद्द आखून घ्या: कुठल्याही पक्षाचं किंवा पुढाऱ्याचं नाव अर्जात नाही, मोर्चा नाही, वर्तमानपत्राला बातमी नाही, गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मुलांचे फोटो नाहीत. राजकारणाचा आरोप बहुतेक वेळा फोटोवरूनच होतो.

त्यांना आणखी एक आठवण करून द्यायला हरकत नाही. जोतिराव आणि सावित्रीबाईंच्या पुण्यातल्या शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवे हिने मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. त्या मुलीने आपल्या काळातल्या मोठ्यांना थेट प्रश्न विचारले. महाराष्ट्रातल्या शाळेची परंपरा इथून सुरू होते, आणि तुमच्या मुलांची वही तिच्याशी नातं सांगते.

मंत्रिमंडळाबद्दल थोडं परखड बोलतो. पुष्कळ शाळांत ते फक्त मान मिळवायचं पद होऊन बसतं. पहिल्या बाकावरची तीच मुलं मंत्री होतात, आणि स्वच्छता मंत्री म्हणजे दुसऱ्यांना झाडायला सांगणारा. बोलणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहायचं काम मंत्र्यांकडे असेल तर ते बंद करा. त्यातून मुलं पाळत ठेवायला शिकतात. त्याऐवजी शनिवारी २० मिनिटांचा प्रश्नोत्तराचा तास ठेवा. मंत्र्यांनी उत्तरं द्यायची आणि बाकीच्यांनी विचारायचं. आधी जी मुलं आठवडाभर बोलली नाहीत त्यांना बोलू द्या. तोंडाने विचारायला घाबरणाऱ्यांसाठी चिठ्ठ्यांचा डबा ठेवा. पहिल्या दोन आठवड्यांत त्यात ‘अमुक मला चिडवतो’ अशाच चिठ्ठ्या येतील. त्या वर्गात वाचू नका, त्या मुलाशी एकट्याशी बोला. तिसऱ्या आठवड्यापासून शाळेबद्दलचे प्रश्न यायला लागतात. प्रत्येक चिठ्ठीला आठ दिवसांत उत्तर द्या, उत्तर ‘हे होणार नाही, कारण…’ असं असलं तरी. उत्तर न मिळणं मुलांना सगळ्यात जास्त लागतं.

तेच ग्रामपंचायतीच्या बाबतीत होऊ शकतं. महिना गेला आणि काहीच कळलं नाही तर जुन्या अर्जाचा आवक क्रमांक घालून स्मरणपत्र द्या. त्यावरही शांतता असेल तर एखाद्या पालकाने माहितीच्या अधिकारात विचारावं. महाराष्ट्रात अर्जावर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो, एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे. ‘अमुक तारखेच्या, अमुक क्रमांकाच्या अर्जावर आजपर्यंत काय कार्यवाही झाली, त्या नोंदीची प्रत द्यावी’ एवढंच विचारायचं. ‘का केलं नाही’ असं विचारलं तर उत्तर टाळायला जागा मिळते. ३० दिवसांत उत्तर यायला हवं, नाही आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील.

मधल्या काळात काय घडतंय ते मुलांना दर शनिवारी सांगत राहा: अर्ज कुणाच्या टेबलावर आहे, कोण रजेवर आहे, बैठक कधी आहे. आणि नळाला पाणी आलं तरी नोंदवही बंद करू नका. दुरुस्त झालेला कॉक पुन्हा अडकतो, म्हणून महिन्यातून एकदा त्याच जोडीने बघायचं आणि वहीत लिहायचं. झाडूच्या पाळीचा तक्ताही तेव्हाच तपासायला सांगा, त्यात तुमचं नाव किती वेळा आलं आणि किती वेळा पुढे ढकललं गेलं तेसुद्धा त्यांना मोजू द्या.